रुळाचा प्रवेश

माणसाला हात न लावता कसं बडवायचं, हे पद्मजाला चौदा वर्षांच्या सरावानं चांगलं येत होतं. एकपात्री प्रयोगात मारणारा आणि मार खाणारा एकाच अंगात राहतात, तेव्हा ते यावंच लागतं. उजवा हात वर जायचा. नजर खाली, टेबलाच्या उंचीवर, कारण मार खाणारं पोर तेवढंच उंच. हात खाली येता येता डावा तळवा मांडीवर फाडकन वाजायचा, आणि त्याच क्षणी टाचेवर अर्धी गिरकी घेऊन, मान खांद्यात ओढून, डोळे मिटून पद्मजा बापाची पोर झालेली असायची. वाजणं आणि वळणं यांत जरासुद्धा अंतर पडून चालत नाही. पडलं तर लोकांना एक वयस्कर बाई स्वतःच्या मांडीवर चापट मारताना दिसते. पडलं नाही, तर दोनशे माणसं हसतात.

प्रयोगाचं नाव 'तीर्थरूप'. दीड तास, एक खुर्ची, दुसरं काही नाही. नारायण पेठेतल्या दोन खोल्या, भूमिती शिकवणारे वडील, मुकाट आई, पद्मजा आणि तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा अवधूत, सगळे ती एकटी करायची. वडिलांना गल्लीत सगळे सर म्हणत, म्हणून प्रयोगातही ते सरच. बघायला येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. प्रयोग संपला की ते पद्मजाभोवती जमायचे आणि आपापल्या वडिलांची हत्यारं सांगायचे. कुणाकडे पट्टा होता, कुणाकडे पाण्यात भिजवलेली छडी, एकाकडे बंबातलं जळकं लाकूड. एका निवृत्त इंजिनियरांनी तर पॅन्टचा पाय वर करून नडगीवरची पन्नास वर्षांपूर्वीची खूण दाखवली होती. "म्हणून तर माणसात आलो," ते म्हणाले, आणि बाजूला उभ्या त्यांच्या बायकोनं दुसरीकडे पाहिलं.

पद्मजा आधी कोथरूडच्या एका शाळेच्या कार्यालयात क्लार्क होती. एका दुपारी चहाच्या वेळी तिनं सहज वडिलांचा आवाज काढून दाखवला. "तोंड उघड. गीळ." कारल्याच्या भाजीवरून झालेला मार तिनं पाच मिनिटांत करून दाखवला आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या नाकातून चहा आला. मार खाल्ल्याला तीसेक वर्षं झाली होती. त्याचा काही उपयोग झाला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मग शाळेचं संमेलन, मग महिला मंडळ, मग ज्येष्ठ नागरिक संघ. काही वर्षांनी तिनं नोकरी सोडली. लग्न केलं नव्हतंच. एकदा ठरत आलं होतं, पण मुलानं चहाचा कप बशीत जरा जोरानं ठेवला, तेवढ्यावरून ती नको म्हणाली. घरच्यांना कारण सांगितलं पत्रिकेचं.

प्रयोगातला सगळ्यांत गाजलेला भाग म्हणजे रुळाचा प्रवेश. सर जिन्यानं वर येतायत. वर अवधूत त्यांची नक्कल करतोय. सर दारात. "कोण बोलत होतं?" कुणी बोलत नाही. "उभा राहा." अवधूत उभा राहतो, हात मागे. मग सरांचा काळा, गोल, लाकडी रूळ, डाव्या कानावर. "ऐकू आलं?" "नाही." "मग दुसऱ्या कानाला विचारू." एवढं झालं की पद्मजा दोन पावलं पुढे यायची, पदर सारखा करायची आणि आपल्या नेहमीच्या आवाजात सांगायची, "तेव्हापासून आमचा अवधूत कुणाचंच ऐकत नाही." दोनशे नव्व्याण्णव प्रयोगांत या वाक्याला टाळी पडली नाही असं झालं नव्हतं.

खरी हकिगत अशी की अवधूतच्या डाव्या कानाचा पडदा फाटला. तो अकरा वर्षांचा होता. आईनं दोन महिने कोमट तेल घातलं, कानातून पू यायचा, उशीचा अभ्रा रोज धुवावा लागायचा. त्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही. आता तो पंचावन्न वर्षांचा होता, विमा कंपनीच्या ऑफिसात होता, वारज्याला राहत होता, आणि कुणाबरोबर बसायचं असलं की माणसाला उजव्या हाताला बसवत होता. 'तीर्थरूप' त्यानं पाहिलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी मूळ संहिता पाहिलीय."

सर अजून होते. शहाऐंशी वर्षांचे. माणसं विसरले, घर विसरले, भूमिती विसरले, आणि तीन वर्षांपासून पद्मजाच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत दांड्यांच्या पलंगावर होते. तिनं स्वतःच त्यांना आणलं. नम्रतानं, म्हणजे अवधूतच्या बायकोनं, मला जमणार नाही हे पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. सोसायटीत सगळे म्हणाले, लेक असावी तर अशी. पद्मजाही तसंच समजून चालली होती.

दिवसभर त्यांचं करायला गोदाबाई होती. ती वाशिमकडची, मुलगा चाकणला कारखान्यात लागला म्हणून पुण्यात आलेली. तिच्या दोन्ही दंडांवर कायम निळे डाग असायचे. सर सगळं विसरले होते, चिमटा विसरले नव्हते. अंगठा आणि पहिलं बोट दंडाच्या आतल्या मऊ बाजूला लावायचे आणि किल्ली फिरवावी तसे पिळायचे. वर्गातल्या चाळीस पोरांना हा चिमटा माहीत होता. घरातल्या दोघांनाही.

एका सकाळी पद्मजा बाहेरच्या खोलीत तालीम करत होती. "तोंड उघड," ती म्हणाली. आतून गोदाबाईची हाक आली. "ताई, या तं जरा." पद्मजा गेली. सर पलंगावर ताठ बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर, तोंड उघडं. तासभर ओठ मिटून बसलेला माणूस जबडा फाकवून वाट बघत होता. गोदाबाईनं चटकन चमचा आत घातला.

"अजून म्हना," ती म्हणाली.

"गीळ," पद्मजा सरांच्या आवाजात म्हणाली. सरांनी गिळलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते गिळत होते. वाटी रिकामी झाली तेव्हा ते हळूच म्हणाले, "झालं, नाना." नाना म्हणजे त्यांचे वडील. पद्मजानं त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्यांच्याविषयी घरात कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आता तिला कळलं की हा आवाज सरांचाही नव्हता. त्यांनी तो दुसरीकडून उचलला होता.

हे कळल्यावर तिनं तालीम दार लावून करायला हवी होती. उलट झालं. अंघोळ, गोळ्या, कपडे बदलणं, कशालाही सर आडवे आले की गोदाबाई हाक मारायची, "ताई, सरले बोलवा." त्यांच्यात तो विनोदच झाला होता. पद्मजा हातातलं काम ठेवून दारात जायची, दोन शब्द टाकायची आणि परत येऊन भाजी चिरायला बसायची. आणि खरं सांगायचं तर ते दोन शब्द टाकताना तिला बरं वाटायचं. आंबट चिंच खाल्ल्यावर जबड्याच्या कोपऱ्यात जी कळ येते, तसलं काहीतरी.

मग एका गुरुवारी दुपारी तिनं मारलं. गोदाबाई फडकं आणायला गेली होती. पद्मजा वरणभात भरवत होती. सरांनी घास तिच्या तोंडावर थुंकला, आणि ती डोळे पुसत असताना तिच्या दंडाला चिमटा लावला. पिळला. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला चौथीतली वेदना आठवली. "उभा राहा," असं ती त्या आवाजात म्हणाली आणि तिचा उजवा हात वर गेला. या खेपेला डावा तळवा मांडीवर आला नाही. उजवा हात सरळ खाली आला, त्यांच्या कानावर. उजव्या हातानं मारणाऱ्यासमोर नेहमी डावाच कान येतो.

स्टेजवर फाडकन वाजतं. खरं तसं वाजत नाही. ओलं फडकं फरशीवर पडावं तसा आवाज झाला. आणि पद्मजाची टाच सवयीनं फिरली, मान खांद्यात गेली, डोळे मिटले. मार खाणारा होण्यासाठी ती वळली होती. पण मार खाणारा त्या वेळी पलंगावर होता आणि कान धरून कुत्र्याच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढत होता. ती तशीच पाठमोरी, मान आत ओढून, रिकाम्या भिंतीसमोर उभी राहिली. डोळे उघडले तेव्हा दारात गोदाबाई होती.

गोदाबाई आत आली. तिनं सरांचं तोंड पुसलं, ताट उचललं आणि जाता जाता म्हणाली, "पलंगाची दांडी लागली म्हनू." जणू मिठाचा डबा कुठं ठेवायचा ते सांगावं तसं.

रविवारी अवधूत आला. महिन्यातून दोनदा यायचा, इडल्या आणायचा, पेपर वाचायचा, आत जाऊन वडिलांच्या पायाशी पाच मिनिटं उभा राहायचा आणि निघायचा. त्या दिवशी तो पेपर घेऊन बसला आणि आतून गोदाबाई म्हणाली, "ताई, सरले बोलवा, गोळी राह्यली." पद्मजानं अवधूतकडे पाहिलं. त्याचा डावा कान आतल्या खोलीकडे होता. तेवढं बघून ती आत गेली. एवढा हिशेब घरात दुसऱ्या कुणाला सुचला नसता, आणि तो चुकला. कारण तो आवाज हळू काढता येत नाही. हळू काढला की तो सरांचा राहत नाही.

"तोंड उघड. गीळ."

ती वळली तेव्हा अवधूत दारात होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. सरांचा पायजमा ओला होत चालला होता आणि गोदाबाई खाली कापड सरकवत होती.

"किती दिवस चाललंय?" त्यानं विचारलं.

"गोळ्या तरी पोटात जातात."

"कानाला काय झालं त्यांच्या?"

"दांडी लागली पलंगाची," गोदाबाई म्हणाली.

अवधूत वाकून बघत होता. "दांडीला चार बोटं असतात का हो, गोदाबाई?"

बाहेर येऊन तो बसला नाही. पद्मजानं चहा विचारला, त्यानं हातानंच नको म्हटलं.

"शनिवारी तीनशेवा आहे ना तुझा? जाहिरात पाहिली."

"आहे. तू येणार नाहीस, माहीत आहे."

"येणार आहे. पहिल्या रांगेत जागा ठेव. फक्त रुळाचा प्रवेश काढून टाक."

"तो काढला तर उरतं काय?"

"एक तास वीस मिनिटं उरतात."

"लोक त्याच्यासाठी येतात, अवधूत."

"माझ्या ऑफिसातला एकजण येऊन गेला. सोमवारी सगळ्यांसमोर मला म्हणतो, काय हो, तुम्ही कुणाचंच ऐकत नाही म्हणे. हसले सगळे. मीही हसलो. त्यावर काय करणार, रजेचा अर्ज टाकू?" तो थांबला. "आणि नक्कल मी करत होतो म्हणे. ताई, मला अजून शीळ घालता येत नाही. नक्कल तू करत होतीस. मी नुसता हसलो."

पद्मजा टेबलावरचं पाणी पुसत राहिली. पाणी नव्हतं तिथं.

"कोण बोलत होतं, त्यांनी तीनदा विचारलं. तुझं नाव सांगितलं असतं तर माझे दोन्ही कान राहिले असते. नाही सांगितलं. त्याचं मला काही नाही. पण माझ्या कानावर टाळ्या घेऊ नकोस." त्यानं हेल्मेट उचललं. "शनिवारी तो प्रवेश झाला, किंवा घरात पुन्हा हा आवाज निघाला, तर मी बाबांना घेऊन जाईन. आणि मग आपलंही काही नाही. दिवाळी नाही, भाऊबीज नाही."

"नम्रताला विचारलंस?"

"सांगेन. विचारणार नाही."

"वा," पद्मजा म्हणाली. "सरांचे चिरंजीव शोभतोस."

तो जिना उतरून गेला.

बाबांना नेलं तर ही सुटेल, असं कुणीही म्हणालं असतं. पद्मजाला ती सुटका नको होती. त्या पलंगावरचं माणूस तिला घाबरत होतं, आणि तिला घाबरणारं दुसरं कुणी जगात नव्हतं. हे तिनं स्वतःशी त्या आठवड्यात पहिल्यांदा कबूल केलं, कपडे वाळत घालताना, आणि एक चिमटा तिच्या हातातून खाली दुसऱ्या मजल्यावर पडला. अवधूतचं वेगळं होतं. त्या दोन खोल्यांत काय चालायचं, हे न सांगता ज्याला माहीत होतं असा तो एकटाच उरला होता. तो गेला तर तिच्याकडे फक्त प्रेक्षक उरणार होते.

सोमवारी आणि मंगळवारी तिनं आवाज काढला नाही. सरांनी भाताचा गोळा भिंतीवर मारला, गोदाबाईच्या दंडाचं कातडं सोललं, गोळ्या उशीखाली सापडल्या. बुधवारी दुपारी ती दारात गेली आणि दोन शब्द बोलली. एकदाच. अवधूतला कळण्यासारखं नव्हतं.

रुळाचा प्रवेश मात्र तिनं काढला. चार दिवस मनातल्या मनात तालमी केल्या, कारल्यावरून थेट आईच्या आजारपणावर गेली. जमत नव्हतं. पहिल्या तासातलं प्रत्येक हसू त्या रुळाकडे चढत जाणारी पायरी होतं, आणि वर आता मजलाच नव्हता. तरी तिनं ठरवलं होतं, आणि स्टेजवरचं ठरवलेलं ती मोडत नसे.

शनिवारी संध्याकाळी पाचला नारायण पेठेतलं छोटं सभागृह भरलं. ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस माधवराव यांनी तीनशे या आकड्यावर दहा मिनिटं भाषण केलं. अवधूत पहिल्या रांगेत होता, स्टेजवरून बघता डावीकडून चौथ्या खुर्चीत, उजवा कान स्टेजकडे. पद्मजानं ती खुर्ची राखून ठेवताना विचार केला नव्हता. स्टेजवर आल्यावर तिच्या लक्षात आलं. चौदा वर्षं सर मार देताना ज्या जागेकडे बघायचे, खाली, किंचित डावीकडे, टेबलाच्या उंचीवर, बरोबर तिथं अवधूतचं डोकं होतं.

पहिला तास बरा गेला. कारल्याला लोक नेहमीसारखे हसले. अवधूत हसला नाही, पण उठूनही गेला नाही. मग ती आईच्या आजारपणावर गेली आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "अहो, रूळ राहिला."

पद्मजा बोलत राहिली.

"रूळ राहिला हो," आणखी कुणीतरी म्हणालं. इथल्या अर्ध्या लोकांनी प्रयोग तीन-तीनदा पाहिलेला होता. पद्मजाबाईंचं वय झालं, विसरल्या, असं वाटून ते मदत करत होते. माधवराव विंगेतून हातानं गोल रूळ दाखवू लागले. कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला. सगळ्या सभागृहानं धरला.

तिनं अवधूतकडे बघू नये असं ठरवलं होतं. पण सर आले की नजर कुठं जायची ते पद्मजाच्या हातात राहत नसे, आणि सर आले. जिन्यावर बुटांचा आवाज झाला, म्हणजे तिनं टाच आपटली. "कोण बोलत होतं?" सर म्हणाले. सभागृह खुशीनं गप्प झालं. सरांनी खाली, डावीकडे पाहिलं.

"उभा राहा."

आणि पहिल्या रांगेत अवधूत उभा राहिला.

तो ठरवून उठला नव्हता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पंचावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, खिशाला पेन लावलेला माणूस हात मागे बांधून ताठ उभा होता आणि आपण का उभे आहोत हे त्याला कळत नव्हतं. लोकांना मात्र लगेच कळलं. प्रेक्षकांत माणूस पेरलाय. काय कल्पना आहे. सगळं सभागृह हसायला लागलं, मागचे लोक बघायला उठले, माधवराव टाळ्या वाजवत विंगेतून पुढे आले.

पद्मजाचा हात वर होता. तो कसा गेला तिला माहीत नव्हतं. वर गेलेला हात खाली आणण्याची एकच रीत तिला येत होती. हात खाली आला, डावा तळवा मांडीवर वाजला, आणि टाचेवर फिरायच्या आधी तिनं पाहिलं की मान अवधूतनं आत घेतली. डावा खांदा वर गेला होता, कान झाकायला.

ती वळली नाही. फिरायची ती टाच जागीच राहिली आणि पोटऱ्यांत पेटका आला. हसणं चालूच होतं.

"हा माझा भाऊ," ती आपल्या आवाजात म्हणाली. "याला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

लोक आणखी हसले. वाक्य नेहमीच्या जागी पडलं होतं, थोडं बदललं होतं एवढंच.

"पडदा फाटला. अकरा वर्षांचा होता. नक्कल मी करत होते. हा फक्त हसला."

हसणं संपता संपत नव्हतं. दोघेतिघे गप्प झाले, बायका. नडगी दाखवणारे इंजिनियर डोळे पुसत होते. "फार छान," कुणीतरी म्हणालं. पद्मजाला वाटलं की खाली उतरून एकेकाच्या कानावर हात टाकावा, रांगेनं, पहिल्या खुर्चीपासून. तिनं तसं केलं नाही. "संपला प्रयोग," ती म्हणाली, आणि त्यावरही टाळ्या झाल्या. टाळ्यांत अवधूतनं हात सोडवले, पॅन्ट सारखी केली आणि लोकांचे पाय ओलांडत दाराकडे गेला.

रविवारी सकाळी नऊला बेल वाजली. तो शेजाऱ्याची गाडी घेऊन आला होता. गोदाबाईनं कपडे, कागदपत्रं, गोळ्या दोन पिशव्यांत भरून ठेवल्या होत्या. ती पुढं वारज्याला जाणार होती, तेवढं फोनवर ठरलं होतं. पद्मजाशी तो बोलला नाही, तीही त्याला चहा विचारायच्या भानगडीत पडली नाही. तेवढ्यात माधवरावांचा फोन आला.

"पद्मजाताई, कालचा तो भाऊ उभा राहण्याचा प्रकार अप्रतिम. प्रत्येक प्रयोगात ठेवा. गृहस्थ कोण ते? काय सहज काम केलं."

"तो खरा भाऊ आहे माझा, माधवराव. ते काम नव्हतं."

"म्हणून तर जमलं. मी काय म्हणतो, पुढच्या महिन्यात..."

"प्रयोग बंद केला मी," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

आत सरांनी पलंगाची दांडी धरली होती. दोन्ही हातांनी. काहीतरी घडतंय एवढं त्यांना समजलं होतं. अवधूतनं एका हाताची बोटं उघडली, दुसऱ्या हाताची उघडेपर्यंत पहिला हात परत दांडीवर. गोदाबाईनं मनगट धरलं तर त्यांनी तिच्या पोटात गुडघा मारला. अवधूत वाकला आणि त्यांनी त्याच्या पंजाचा चावा घेतला, दात नव्हते तरी पुढचा एक होता, आणि तो चांगला रुतला. पांढऱ्या चादरीवर रक्ताचे थेंब पडले. अवधूतचा दुसरा हात उठला. तो अर्ध्यावर थांबला आणि त्यानं तो गादीखाली दाबून धरला. तो धापा टाकत होता.

"ताई," गोदाबाई पोट धरून म्हणाली, "एक डाव काढा ना आवाज. सुटते लगेच."

दोन शब्दांचं काम होतं, ते तिघांनाही माहीत होतं. अवधूत रुमाल पंजाला गुंडाळत होता. तो बहिणीकडे न बघता म्हणाला, "काढ. एकदाच."

पद्मजानं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती. मग तिनं स्टूल पलंगाजवळ ओढलं आणि त्यावर बसली.

"त्या गुरुवारी दांडी लागली नव्हती," ती म्हणाली. "मी मारलं होतं. आणि बुधवारी परत आवाज काढला."

"मारलं ते माहीत आहे."

"मग काढ कसं म्हणतोस?"

त्यानं रुमालाची गाठ आवळली. तिनं वडिलांच्या उजव्या हातावर हात ठेवला. त्यांनी लगेच दुसऱ्या हातानं तिच्या दंडाची आतली बाजू शोधली आणि चिमटा लावला. ती हलली नाही. त्यांनी पिळला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंड घट्ट मिटलेलं राहिलं, कारण ते उघडलं असतं तर त्यातून कोण बोललं असतं, याची तिला खात्री नव्हती. अवधूत पुढे झाला. तिनं मान हलवून त्याला थांबवलं.

साडेनऊ वाजले. दहा वाजले. खाली शेजाऱ्याच्या गाडीमागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, आणि अवधूत खिडकीतून "पाच मिनिटं" असं ओरडून परत येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. गोदाबाई खाली फरशीवर बसली. सर थकत चालले होते. चिमट्याचा जोर कमी व्हायचा, परत वाढायचा. पद्मजाचा दंड काळानिळा पडला होता. ती एक शब्दही न बोलता बसून राहिली होती, दांडीवरचं त्यांचं एकेक बोट आपोआप सैल व्हायची वाट बघत.